भट्टीवाल्याचा अंदाज

माझं नाव ओव्हिला लाफ्लाम. लाफ्लाम म्हणजे माझ्या आजोबांच्या फ्रेंचमध्ये ज्वाळा, आणि माझा धंदा लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. आडनाव आणि धंदा असे जुळल्यावर त्यावर विनोद होणारच. वेस्ट हार्लो गावातल्या प्रत्येकाला वाटतं की तो विनोद पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. एकतीस वर्षं मी तो ऐकतोय आणि एकतीस वर्षं हसतोय. गिऱ्हाइकाचं मन राखायला आपण हसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकसुद्धा माझं मन राखायला काही बोलत असेल, हे मात्र माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही. पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

आमचं राज्य न्यू हॅम्पशायर. पक्षानं अध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं, त्यासाठीची देशातली पहिली प्राथमिक निवडणूक आमच्याकडे होते, आणि तीही ऐन फेब्रुवारीत, म्हणजे शहाण्या माणसानं घराबाहेर पडू नये अशा दिवसांत. चार वर्षांतून एकदा, पाच-सहा आठवडे, सगळा देश आमच्याकडे डोळे लावून बसतो. उमेदवार येऊन आमच्या म्हाताऱ्यांचे हात हलवतात, आमच्या कुत्र्यांना थोपटतात. मग एका बुधवारी सकाळी ते सगळे निघून जातात आणि आम्ही बर्फ उपसत बसतो.

एल्डन ट्रस्कच्या दुकानात किराण्यापासून फावड्यापर्यंत सगळं मिळतं आणि सकाळी कॉफीही. निवडणुकीच्या आधी तो भिंतीवर एक फळा टांगतो. कोण जिंकणार आणि किती टक्के मतं घेऊन, ते ज्यानं त्यानं नावासकट लिहायचं. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळ जाईल त्याला मेपलच्या पाकाचा एक डबा. मी त्या फळ्याच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण एका वर्षी कॉफी ओतता ओतता एल्डन म्हणाला, "लाफ्लाम, तू गावातल्या सगळ्यांच्या घरात घुसतोस. तुला काहीच कळत नाही म्हणतोस म्हणजे तू एक तर बहिरा, नाही तर लबाड."

त्या वर्षी सगळी वर्तमानपत्रं एका बड्या सेनेटरचं नाव घेत होती. मी खडू उचलला आणि लिहिलं, डार्बी, अडतीस टक्के. डार्बी कुठल्याशा दक्षिणेकडच्या राज्याचा गव्हर्नर. दुकानातली माणसं कॉफी सांडेपर्यंत हसली.

डार्बी जिंकला. अडतीस टक्के मतं घेऊन.

आता खरं सांगतो, त्या वेळी सांगितलं नव्हतं. डार्बीचं नाव मी ऐकलं होतं ते नळ्यांतून. भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या नळ्यांमधून वरच्या खोल्यांत जाते आणि त्याच नळ्यांतून वरचं बोलणं खाली येतं. मी खाली गुडघ्यावर बसलेला असायचो, आणि वर नवरा-बायको स्वयंपाकघरात निवडणुकीवरून भांडत असायचे. मी काही कान लावून बसत नसे. काम करता करता कानावर पडायचं, इतकंच. आणि अडतीस? माझ्या आधी कुणीतरी फळ्यावर सदतीस लिहून ठेवलं होतं, म्हणून मी पुढचा आकडा लिहिला. एवढाच माझा अभ्यास.

पण कॉर्कोरन नावाचा बोस्टनचा एक बातमीदार त्या दिवशी ट्रस्ककडे डोनट खायला थांबला होता. त्यानं माझा फोटो काढला, माझ्या काळ्या हातांचा वेगळा काढला, आणि रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लिहिलं. मथळा होता, 'तळघरातला भविष्यवेत्ता'. त्यात मी असं म्हणाल्याचं छापलं होतं की भट्टी आणि मतदार दोघांचंही आतलं ऐकावं लागतं. असं मी म्हणालोच नव्हतो. पण वाचल्यावर मला ते इतकं पटलं की पुढची चार वर्षं मी ते वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं.

माझी बायको लोरेट. ती गावच्या टाउन हॉलमध्ये कारकून आहे आणि निवडणुकीच्या दिवशी मतपत्रिका मोजायलाही बसते. तिनं ते पान कापून फ्रीजवर लावलं आणि म्हणाली, "ओव्हिला, फोटो छान आलाय. आता हे डोक्यात जाऊ देऊ नकोस."

"माझ्या डोक्यात काही जात नाही," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली.

चार वर्षांनी पुन्हा निवडणूक आली तेव्हा ती हवा डोक्यात जाऊन चांगली मुरली होती. नोव्हेंबरपासूनच फोन यायला लागले. कॉर्कोरनचा आला. शिकागोच्या एका रेडिओवाल्या बाईंचा आला. मी ठरवलं, या वेळी नळ्यांच्या भरवशावर राहायचं नाही, शास्त्रशुद्ध काम करायचं. एक लाल वही घेतली. पानावर रकाने आखले. प्रत्येक घरी भट्टी साफ करता करता घरच्या माणसाला तळघरात बोलवायचं, वही उघडायची, पेन्सिल ओठाला लावायची आणि विचारायचं, "हं, मग मत कुणाला?"

तसे उमेदवार सात होते, पण खरी लढत दोघांत. एक गव्हर्नर व्हिटलॉक. उंच, रुंद, केस असे की वाऱ्यालाही हलत नसत. दुसरा सेनेटर ओकेसन. पडेल खांद्यांचा, बोलताना मध्येच थांबून विचार करणारा. ओकेसन टाउन हॉलमध्ये आला त्या संध्याकाळी बर्फाचं वादळ होतं आणि एकोणीस माणसं जमली होती. मी धरून वीस. पण मी हॉलची भट्टी गुरगुरत होती म्हणून गेलो होतो. एका बाईंनी उठून विचारलं, नदीवरचा गिरणीचा जुना बांध नक्की कुणाच्या मालकीचा, गावाच्या, राज्याच्या की वॉशिंग्टनच्या? तीस वर्षांत ते कुणालाच सांगता आलेलं नव्हतं. ओकेसन थांबला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "मला माहीत नाही." मी मागच्या दारात उभा होतो. मनात म्हटलं, संपला हा माणूस.

व्हिटलॉकचं काम वेगळंच. त्याच्या माणसांनी माझ्यावरचा तो लेख शोधून काढला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन आला की गव्हर्नरसाहेबांना माझं तळघर पाहायचंय. माझं! मी दोन दिवस तळघर झाडत होतो. भट्टीला चक्क रंग दिला. लोरेट जिन्यावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी तुला स्वयंपाकघराला रंग दे म्हणाले होते."

गव्हर्नर पंधरा माणसं घेऊन उतरला. उतरतानाच त्याचं कपाळ पाइपाला आपटलं, पण पठ्ठ्या हसतच राहिला. त्यानं माझा मोठा पाना उचलला, उलटा धरला, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि कॅमेरे लखलखले. म्हणाला, "या देशाला तुझ्यासारख्या माणसांची गरज आहे." खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

सगळे गेल्यावर लोरेट म्हणाली, "त्यानं तुला ओलिव्हर म्हटलं."

"तळघरात आवाज घुमतो. ऐकताना तसं वाटतं."

"दोनदा म्हटलं."

आठवड्यानं फोटो आला, खाली सही करून. तो मी माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. म्हणजे कुणाच्याही तळघरात मी पेटी उघडली की पहिलं दर्शन व्हायचं ते मी, गव्हर्नर आणि उलटा पाना यांचं. त्यानंतर मी वही काढायचो आणि अगदी तटस्थपणे विचारायचो, "हं, मग मत कुणाला?"

वाचणाऱ्याला इथेच सगळं कळलं असेल. मला कळलं नाही. त्या जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जाऊन बसला होता. घरात भट्टी बंद, नळ गोठायला आलेले, पोरं ब्लँकेटं गुंडाळून जिन्यावर बसलेली, आणि भट्टीचा सुटा भाग हातात धरून मी विचारतोय की मत कुणाला. लोक झाकणाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, माझ्या हातातल्या भागाकडे बघायचे आणि म्हणायचे, "व्हिटलॉक. दुसरं कोण?" मी समाधानानं रेघ मारायचो.

दोनशे बारा तळघरं झाली. व्हिटलॉक एकशे एक्कावन्न, ओकेसन एकोणीस, बाकीचे कुंपणावर. मी तीनदा भागाकार केला. एकाहत्तर टक्के.

त्याच आठवड्यात लोरेटनं मला मिसेस पीझली यांच्याकडे त्यांचा ॲपल पायचा डबा परत द्यायला पाठवलं. ड्रुसिला पीझली म्हणजे आमच्या गावचं वाचनालय सांभाळणाऱ्या बाई. बांधाचा प्रश्न विचारला होता तो त्यांनीच. वय एक्क्याऐंशी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. घरात भट्टी नाही, लाकडाची चूल. लाकडंही स्वतः फोडतात. मी त्यांना तेलाची भट्टी घ्या म्हणून तीन वेळा सांगून पाहिलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी मला ॲपल पाय खायला घालून वाटेला लावलं होतं.

मी डबा ठेवला, पुढ्यात आलेला पायचा तुकडा खायला बसलो आणि न राहवून वही काढली.

"मिसेस पीझली, तुम्ही कुणाला मत देणार?"

"ओकेसनला. आणि ते वहीत लिहायची गरज नाही, मी ओरडून सांगते."

"गावात त्याचं काही खरं नाही. माझ्याकडे आकडे आहेत." मी वही पुढे केली.

त्यांनी चष्मा लावला, पान बघितलं, उलटलं, पुन्हा बघितलं. "हे कुणाचे आकडे? आपल्याच गावातले?"

"आपल्याच. एकेकाला समोर उभं करून विचारलंय."

"समोर उभं करून," त्या म्हणाल्या. मग उठून कपाटातून एक पाकीट आणलं. "हे बघ. तो ओकेसन मला माहीत नाही म्हणाला होता ना? आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं. दोन पानं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. बांधाचा एक तृतीयांश भाग गावाचा आहे, उरलेला एका बुडालेल्या कंपनीच्या वारसांचा, आणि त्यातला एक वारस पोर्टलंडमध्ये दातांचा डॉक्टर आहे. त्याचा पत्ताही दिलाय. मी हे वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं होतं. बघ, घड्या किती मऊ झाल्यात. अख्ख्या गावानं वाचलं. तुला कुणी बोललं नाही?"

"नाही."

"का बरं बोलले नसतील?"

त्यांनी मला हातात दोरीचं टोक द्यावं तसा तो प्रश्न दिला होता. मी काय केलं? मनात म्हटलं, बाई वयस्कर आहेत, दिवसभर पुस्तकांत असतात, गावाची नाडी यांना काय कळणार. वर तोंडानं म्हणालो, "मिसेस पीझली, लोक पत्रं वाचतात आणि विसरतात. तळघरात मात्र माणूस खरं बोलतो."

त्यांनी पत्र पाकिटात घातलं. "आणखी एक तुकडा घे, ओव्हिला," त्या म्हणाल्या. "चीज लावून घे." मी घेतला.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी टीव्हीवाले आले. ट्रस्कच्या दुकानात, दिवे लावून, फळ्यासमोर मला उभं केलं. मी कानावर पेन्सिल खोचली होती. एरवी मी कानावर पेन्सिल ठेवत नाही. कॉर्कोरनही आला होता. मी म्हणालो, "व्हिटलॉक. एकाहत्तर टक्के. झाले तर एक-दोन टक्के इकडेतिकडे." दुकानात वीस-पंचवीस गाववाले होते, सगळी माझी गिऱ्हाइकं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काही जण टाळ्या वाजवताना बुटांकडे बघत होते. मला वाटलं, भारावलेत.

त्या दिवसांत एकदा जेवताना लोरेट म्हणाली, "ओव्हिला, मी कोणाला मत देणार ते तू मला विचारलं नाहीस."

"तू घरचीच. तुला वहीत कसं धरणार?"

"बरं," ती म्हणाली.

मंगळवार उजाडला. टाउन हॉलमध्ये पडदे लावलेल्या खोक्यांची रांग. मी नाव सांगितलं, मतपत्रिका घेतली, पडद्यामागे गेलो. पेन्सिल हातात घेतली. आणि तिथे माझा हात थांबला.

व्हिटलॉकच्या नावासमोरचा चौकोन रिकामा होता. फक्त एक फुली मारायची. मला त्याचे केस आठवले, खांद्यावरचा हात आठवला. त्याच्या तोंडून निघालेला दुसरा एकही शब्द आठवेना. आणि आठवला तो छताकडे बघणारा ओकेसन. मी एकतीस वर्षं लोकांच्या भट्ट्या उघडतोय. कैकदा आत बघतो आणि काय बिघडलंय ते मला कळत नाही. पण मला माहीत नाही असं मी गिऱ्हाइकाला एकदाही सांगितलेलं नाही. मी नेहमी म्हणतो, हं, हा भाग बदलावा लागेल. त्या माणसानं वीस जणांसमोर सरळ सांगितलं, आणि मग जाऊन शोधून काढलं. दातांच्या डॉक्टरापर्यंत.

मी मनात म्हटलं, व्हिटलॉक काय, एकाहत्तर टक्क्यांनी येतोच आहे. माझ्या एका मतानं त्याचं काय बिघडणार? आणि ओकेसनच्या नावावर फुली मारली. बाहेर आलो तेव्हा आंबा चोरलेल्या पोरासारखा इकडेतिकडे बघत होतो. आमच्याकडे आंबे नसतात, पण चेहरा तसाच झाला होता म्हणा.

संध्याकाळी सातला मतदान संपलं. आमच्याकडे मतपत्रिका अजून हातानं मोजतात. लांब टेबलं लावतात, जोडीजोडीनं माणसं बसतात. एकानं नाव वाचायचं, दुसऱ्यानं रेघ मारायची. गावकऱ्यांना दोरीपलीकडे उभं राहून बघता येतं. मी दोरीला टेकून उभा होतो, शेजारी कॉर्कोरन, त्याच्यामागे टीव्हीचा कॅमेरा. आणि आमच्यासमोरच्या टेबलावर वाचायला बसली होती लोरेट. रेघा मारायला मिसेस पीझली.

लोरेटचा आवाज खणखणीत आहे. चर्चमध्ये गाते ती.

"ओकेसन," ती म्हणाली. "ओकेसन. ओकेसन. व्हिटलॉक. ओकेसन."

कॉर्कोरननं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सुरुवातीला असंच असतं. वरचा गठ्ठा सकाळच्या लोकांचा."

"ओकेसन. ओकेसन. ओकेसन. ओकेसन."

"सकाळचे म्हणजे कोण?" कॉर्कोरननं विचारलं.

"म्हातारे."

"ओकेसन. ओकेसन. व्हिटलॉक. ओकेसन. ओकेसन."

पंधराव्या मिनिटाला मी स्पष्टीकरणं थांबवली. मी बायकोकडे बघत होतो. ती एकदाही वर बघत नव्हती. आवाज तोच, पण प्रत्येक ओकेसनला थोडा हळू होत होता, जखमेवरची पट्टी काढताना हात हळू होतो तसा. मागे कुणीतरी फुसकन हसलं आणि मग खोकला आल्याचं सोंग केलं. मग सगळ्या हॉलला खोकला झाला.

ओकेसन दोनशे एक्केचाळीस. व्हिटलॉक सत्त्याण्णव. बाकीचे मिळून चौऱ्याहत्तर. नऊ वाजेपर्यंत राज्याचेही आकडे आले. तिथेही ओकेसन, आणि व्हिटलॉक त्याच्या निम्म्यावर. माझा पोपट झाला तो आख्ख्या राज्याच्या साक्षीनं.

कॉर्कोरननं वही काढली. बिचारा सभ्य माणूस, हसत नव्हता. "मिस्टर लाफ्लाम, काय चुकलं असं वाटतं?"

माझ्या मनात आलं, म्हणावं की हा भाग बदलावा लागेल. पण तोंडातून निघालं, "मला माहीत नाही." त्यानं ते लिहून घेतलं. थोडं थांबून विचारलं, "तुमचं स्वतःचं मत कुणाला होतं?"

"गुप्त मतदान असतं, साहेब," मी म्हणालो, आणि बायकोचा कोट आणायला गेलो.

घरी आल्यावर लोरेटनं बीन्स गरम केल्या. मी टेबलावर बसून चमच्यानं त्या इकडून तिकडे ढकलत होतो.

"खा," ती म्हणाली.

"लोरेट, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"आता काय?"

"मी ओकेसनला मत दिलं."

ती चुलीजवळ उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातला पळा खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. "पुन्हा सांग."

"ओकेसनला. म्हटलं, व्हिटलॉक येतोच आहे..."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी उठून जवळ गेलो तर बाई हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, ॲप्रन तोंडावर धरून. "अरे माठ्या," ती कशीबशी म्हणाली, "मी व्हिटलॉकला दिलं!"

"काय?"

"मला तो फुगा मुळीच आवडत नव्हता. ते पत्र मी तीनदा वाचलंय. पण तिथे उभी राहिले आणि मनात आलं, हा माणूस आज रात्री तोंडघशी पडणार. गावातलं पोरसुद्धा व्हिटलॉकला मत देणार नाही. निदान एक तरी मत त्याला खरं मिळू दे. तुझ्यासाठी दिलं रे!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती हसायची थांबली. "नोव्हेंबरात सांगितलं होतं. डिसेंबरात सांगितलं. तू म्हणालास, लोरेट, हे शास्त्र आहे."

म्हणालो होतो. शब्दशः म्हणालो होतो. मग मलाही हसू आलं. दोघांनी मिळून बीन्स संपवल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ती पडद्यामागे उभी राहून माझ्यासाठी हातातलं मत घालवत होती, हे काही केल्या डोक्यातून जाईना. आणि मी ओकेसनला मत देऊन तिचं ते मत तितक्याच सफाईनं पुसून टाकलं होतं, हेही जाईना.

बुधवारी सकाळी ट्रस्ककडे न जाण्याचे शंभर बहाणे होते. पण न गेलो असतो तर महिनाभर जाता आलं नसतं. आत पाऊल टाकलं. एल्डननं कॉफी पुढे केली. "लाफ्लाम," तो म्हणाला, "तुझी माफी मागायचीय."

"का?"

"मी तुला व्हिटलॉक म्हणालो होतो. तुझ्या वहीत मी आहे."

"मग का म्हणालास?"

"अरे, दुकानातले पाइप गोठायला आले होते आणि तू भट्टीचं तोंड उघडून बसला होतास! तू म्हणाला असतास तर मी माझ्या सासूलाही अध्यक्ष केलं असतं."

त्यानंतर एकेक जण येऊन कबुली देऊ लागला. शाळेची बस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तू फोटो इतक्या प्रेमानं दाखवलास, मला वाईट वाटलं." एकानं सांगितलं, त्यानं बायकोशी पैजही लावली होती की लाफ्लामला कळणारच नाही. आणखी एकानं विचारलं की आता भट्टी साफ करायचा त्याचा नंबर मागे तर नाही ना जाणार. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग मी मत ओकेसनला दिलं. सगळे हसले. मीही हसलो, आणि या वेळी धंद्यासाठी नाही.

फोटो मी पेटीवरून काढला. डिंक पक्का होता, त्यामुळे गव्हर्नरचा एक कान झाकणालाच राहिला. वही मिसेस पीझलींनी मागून घेतली. वाचनालयात स्थानिक इतिहासाच्या फळीवर ठेवायची म्हणाल्या. मी विनवण्या केल्या. त्या म्हणाल्या, "आपल्या गावानं एका माणसाला थंडीच्या भीतीनं किती प्रेमानं फसवलं, याचं दुसरं कागदपत्र नाही." अजून तिथे आहे ती. लोक काढून वाचतात, आपलं नाव शोधतात.

ओकेसन पुढच्या दोन राज्यांत हरला आणि घरी गेला. व्हिटलॉकही अध्यक्ष झाला नाही. बांधाचं मात्र काम झालं. मिसेस पीझलींनी त्या दातांच्या डॉक्टराला अकरा पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्यानं आपला हिस्सा गावाला सोडायच्या कागदावर सही केली.

परवा पुन्हा निवडणुकीचा मोसम सुरू झाला. जेवायच्या वेळेला फोन वाजला. कुठल्याशा सर्वेक्षणाची मुलगी होती, ओहायोतून बोलत होती. आवाज बसलेला. म्हणाली, सव्वीस प्रश्न आहेत, वेळ आहे का? मी विचारलं, आज किती जणांनी फोन आपटला? ती म्हणाली, मोजणं सोडलं. मग मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळ्या सव्वीस प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटी तिनं पाच उमेदवारांची नावं वाचली आणि विचारलं, मत कुणाला देणार? चौथं नाव वाचताना तिचा आवाज जरासा उजळल्यासारखा वाटला. मी चौथं नाव सांगितलं.

फोन ठेवला तर लोरेट दारात उभी.

"कुणाचं नाव सांगितलंस?"

मी सांगितलं.

"खरंच त्याला देणार आहेस?"

"छे. पण पोरीला सर्दी झाली होती गं."

लोरेटनं माझ्या ताटलीत बटाटे वाढले आणि मीठ पुढे सरकवलं.